मीठ सुटं आहे

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पप्पांनी गवताच्या गासडीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला. हाताकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "बाय, वही आण." मी वही आणली. त्या दुपारी मी एक कागद लिहिला. त्यानंतर दोन दिवसांनी करीमचाचा ओमान सोडून गेले.

पप्पांना जाऊन आता आठ महिने झाले. अशा गोष्टी माणसं म्हातारपणी लिहितात, सगळे संबंधित गेल्यावर. माझी तिशी आत्ताच उलटली आहे, पण तेवढा धीर माझ्याकडे नाही. मी वसईजवळच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळते. संध्याकाळी वाचनालय रिकामं झालं की एखादा परिच्छेद लिहिते आणि दुसऱ्या दिवशी त्यातला अर्धा खोडते. खोडते ते बहुतेक मला स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं असतं.

तो मजरा, म्हणजे गायी-गवताचं शेत, बरका गावाच्या पुढे होता. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला खजुरांची रांग आणि तिच्यापलीकडे समुद्र. पप्पा तिथे सुपरवायझर होते; ओमानी मालकांना सगळे अर्बाब म्हणत. पन्नासेक गायी आणि त्यांना लागणारं गवत, एवढं त्यांचं राज्य. उन्हाळ्यात तिथे गवत म्हणजे झगडाच असे. पाण्यात मीठ उतरलेलं, वारा भट्टीसारखा. खरा हंगाम ऑक्टोबर संपता संपता सुरू व्हायचा. उन्हाळी गवत कापून त्यातच पप्पा बार्ली आणि रायग्रास पेरायचे, हायवेकडच्या तुकड्यात ओट. डिसेंबरपर्यंत सगळं इतकं हिरवं व्हायचं की गाड्या थांबवून लोक फोटो काढायचे. बार्लीच्या कुरणाचे पप्पांनी विजेच्या तारेने पट्टे पाडलेले असत. रोज सकाळी तार पुढे सरकवायची, कालच्या पट्ट्यातून गायी काढायच्या, आजच्यात सोडायच्या. त्यांचा नियम साधा होता: वीतभर झालं की आत, चार बोटं उरली की बाहेर. चार बोटांच्या खाली गाईने तोंड नेलं तर गवत परत उठत नाही. पप्पा खरंच उकिडवे बसून चार बोटं लावून बघायचे. बाजूला करीमचाचा उभे राहून म्हणायचे, "साब, आज अंगूठा भी नाप लो."

मला या सगळ्याची शिसारी होती. हे मी आज सांगते आहे असं नाही, तेव्हाही लपवत नसे. आमच्या दोन खोल्यांच्या पोर्टा केबिनपासून गोठा शंभर पावलांवर. सकाळी डोळे उघडायच्या आधी नाकात शेण जायचं, मग आंबलेल्या दुधाचा वास, मग मम्मीने तळलेल्या बोंबलाचा, आणि या तिन्हींचा मिळून एक चौथा वास, जो माझ्या गणवेशातून काही केल्या जात नसे. चहावर माशी बसायची ती उडत नसे. ती चालत चालत कपाच्या काठावरून आत उतरायची. स्प्रिंकलरचं चिक् चिक् चिक् दिवसभर चालू. पप्पा मला हायवेपर्यंत पिकअपने सोडायचे, तिथून शाळेची बस. बसमध्ये माझ्या शेजारची मुलगी रोज खिडकी उघडायची आणि इंग्रजीत अगदी सभ्यपणे विचारायची, "तुझी हरकत नाही ना?" माझी हरकत नसे. मी पुस्तकात डोकं घालून बसे. पुस्तकाच्या पानांनाही तो वास होताच.

पप्पांना मात्र गवताच्या वासावरून गवताची जात, वय आणि तब्येत सांगता यायची. ते त्यांच्या रक्तातच होतं. वसईकडे आजोबांची गवताची वखार होती. पावसाळ्यानंतर माळावरचं गवत कापून, वाळवून, दाबून त्याच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. माल वजनावर. म्हणून ट्रक भरायच्या आधी आजोबा गासड्यांवर पाणी शिंपायचे, आणि म्हणूनच तबेल्याची माणसं गासडी घेताना तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बघायची. बाहेरून कोरडी गासडी आतून ओली असते हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. पप्पा ही गोष्ट हसत सांगायचे, पण शेवटी त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "म्हणून तर सोडली वखार," ते म्हणायचे. "आपल्या बापाच्या मालात परक्या माणसाने हात घालून बघायचा आणि हात नाकाला लावायचा. मला नाही जमलं ते." आजोबांचा हा मुलगा ओमानमध्ये येऊन सगळ्या बरक्यात कोरड्या गवतासाठी ओळखला जात होता. आजूबाजूच्या मजऱ्यांवरचे लोक गवत कापायच्या आधी त्यांना विचारायला यायचे.

करीमचाचा गायी सांभाळत. बांगलादेशातले, साठीच्या आसपासचे, मेंदी लावलेली दाढी. अकरा वर्षं तिथे होते, म्हणजे पप्पांच्याही आधीपासून. गायींची नावं त्यांनी ठेवलेली: रानी, बेगम, मॅडम, मोटी मॅडम. गायी खाऊन होईपर्यंत ते स्वतः तोंडात घास घालत नसत. मला ते 'मास्टरनी' म्हणायचे. मी गोठ्याच्या दारात नाकाला रुमाल लावून उभी असले की म्हणायचे, "आओ मास्टरनी, मोटी मॅडम पूछता है तुम्हारा परीक्षा कब है." एकदा म्हणाले, "तुम्हारा बाप घास से बात करता है, हाम गाय से, तुम किताब से. इस मजरा में आदमी से कोन बात करेगा?" पप्पा तिकडून ओरडले, "तुम्हारा भाभी! वो सबसे करती है!" आणि मम्मीने केबिनच्या खिडकीतून पातेल्याचं झाकण वाजवलं. त्या दिवशी आम्ही चौघंही हसलो होतो. मला हसल्याचं आठवतं आणि हसता हसता पायावरून माशी हाकलल्याचंही.

त्या वर्षी मी पंधरा पूर्ण केली होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलमधलं पहिलं वाचन करायला फादरनी मला निवडलं. मी कधी कुणासमोर तोंड उघडत नसे, म्हणूनच निवडलं असावं. चर्च पाऊण-एक तासाच्या अंतरावर, आणि तिथे माझ्या बसमधलीही चार मुलं असणार होती. मी ते अर्ध्या पानाचं वाचन महिनाभर रोज म्हणत होते. मम्मीने अल मवालेहच्या बाजाराजवळच्या शिंप्याकडून मला निळा ड्रेस शिवून आणला होता आणि तो प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून, वर धुपाची कांडी ठेवून, कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला होता. वास लागू नये म्हणून.

ओट मात्र फादरना विचारून पिकत नाही. ओटाच्या कणसातला दाणा नखाने दाबला की दूध निघावं, त्या दिवसांत तो कापायचा. आधी कापला तर गवत हलकं, नंतर कापला तर काडीचं लाकूड. त्या वर्षी दूध भरलं ते नाताळला आठवडा असताना. पप्पांनी कापलं. उन्हाळ्यातली लसूणघास तिथे दोन दिवसांत अशी वाळते की पानं गळू नयेत म्हणून पहाटेच्या दवातच तिच्या गासड्या बांधाव्या लागतात. हिवाळ्यातल्या ओटाचं उलट. काडी जाड, ऊन मवाळ, आणि समुद्रावरून येणारं दव सकाळी दहापर्यंत उठत नाही. पान वाळतं, काडी वरून वाळते, पण काडीच्या पेरात पाणी राहतं. पप्पा म्हणायचे, पेर ओलं तर गासडी ओली. उलटून पालटून सात-आठ दिवस द्यायलाच हवेत. त्या वर्षी धुकंही आलं. पाचव्या दिवशी, म्हणजे तेवीस तारखेला, पप्पा ट्रॅक्टरजवळ उभे होते आणि त्यांना दोनच वाटा होत्या. दुपारी बांधायचं आणि उद्या आम्हाला चर्चला न्यायचं. नाहीतर उद्या आणि परवा दोन्ही दिवस गवत उलटत बसायचं. गाडी चालवणारं दुसरं कुणी नव्हतं.

गवत पारखायचं आमच्याकडे एक साधन होतं, आणि ते माझ्या ताब्यात होतं. कॉफीची रिकामी काचेची बाटली. त्यात तव्यावर कोरडं केलेलं मीठ घालायचं, गवताची मूठ कात्रीने बारीक कापून टाकायची आणि झाकण लावून हलवत राहायचं. मीठ सुटं राहिलं तर गवत बांधायला तयार. मिठाचे गोळे झाले, काचेला चिकटलं, तर नाही. दर हिवाळ्यात हे काम माझं असे. मजऱ्यावरचं ते एकच काम मला आवडायचं, कारण ते शाळेच्या प्रयोगशाळेसारखं होतं आणि त्याला वास नव्हता.

मी केबिनच्या पायरीवर बसून बाटली हलवली. आत मम्मी नेवऱ्या तळत होती. पहिल्यांदा वाटलं मी नीट हलवली नाही. परत हलवली. मीठ काचेला ओल्या रेतीसारखं चिकटलं होतं. बाटली उलटी केली तरी पडेना. पप्पा ट्रॅक्टरवर चढून बसले होते.

"बाय, मीठ काय म्हणतं?"

"सुटं आहे, पप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

मम्मी झारा हातात घेऊन दारात आली. "अहो, पोरीला विचारून गवत बांधतात का कुणी?"

"तिच्या बाटलीला विचारतोय," पप्पा म्हणाले. "यल्ला, करीमभाई! मशीन लगाव!"

करीमचाचांनी खाली वाकून एक काडी उचलली, दाताखाली धरली, थुंकली. काही बोलायला तोंड उघडलं, पण ट्रॅक्टर सुरू झाला होता. मी बाटली केबिनच्या मागे नेली, काठीने खरवडून मीठ वाळूत ओतलं आणि त्यावर चपलेने वाळू ओढली. मांजर करतं तसं.

दुसऱ्या दिवशी मी निळा ड्रेस घालून वाचन केलं. एकही उच्चार चुकला नाही. मिस्सानंतर फादरनी पाठीवर हात ठेवला. बसमध्ये शेजारी बसणारी मुलगी आईबरोबर येऊन म्हणाली, छान वाचलंस, आणि मला जाणवलं की ती माझ्या अगदी जवळ उभी आहे आणि तिने नाक मुरडलेलं नाही. मला त्या क्षणी जितका आनंद झाला तितका नंतर कधी झाला नाही. हे मी खोडणार नाही.

नाताळनंतर तिसऱ्या दिवशी गंजीजवळून जाताना मला एक वास आला. शेणाचा नव्हता. गोड होता. मम्मी केकमध्ये गुळाऐवजी खजुराचा पाक घालायची. तो पाक आटताना कढईला लागायला येतो, बरोबर तसा. मला वाटलं मम्मी परत काही करते आहे. करीमचाचा गंजीला पाठ लावून उभे होते. हिवाळ्यात माणूस चुलीला पाठ लावतो तसे.

"साब," त्यांनी पप्पांना हाक मारली, "घास को बुखार है."

पप्पांनी एक लोखंडी गज गासड्यांत खुपसला, थोडा वेळ ठेवला, बाहेर काढून तळहातावर धरला आणि पटकन सोडला. "उतरेगा," ते म्हणाले. "दो दिन में उतरेगा."

"हाम बोलता है, सब खोल दो. पूरा खेत में फैला दो. खराप है."

"आणि अर्बाब आले तर काय सांगू? पास्कलचं गवत ओलं निघालं?" हे पप्पा स्वतःचं नाव घेऊन मराठीतच बोलले, म्हणजे ते करीमचाचांना नव्हतं. मग हिंदीत म्हणाले, "थोडा हवा दे देंगे. बस." दोघांनी मिळून गंजीत फटी पाडल्या. मी पाहत उभी होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते लहान होतं, तीन-चार शब्दांचं. मी आत गेले आणि पुस्तक उघडलं.

गज खरंच थंड झाला. जानेवारीत बार्ली चार बोटांवर आली, तिला विश्रांती द्यायला हवी होती. नियम म्हणजे नियम. पप्पांनी दहा गाभण गायी कुरणातून काढून गोठ्यात बांधल्या आणि त्यांना ओटाच्या गासड्या सुरू केल्या. गायींना ते गवत फार आवडलं. तपकिरी, तंबाखूसारखं झालेलं, गोड वासाचं. त्या त्यात डोकं खुपसून खायच्या. गासडी सोडली की पांढुरका धुरळा उठायचा. करीमचाचा तोंडाला फडका बांधून आधी हाताने झटकून झटकून गवत सुटं करायचे, काळं दिसेल ते काढून बाजूला टाकायचे. त्यांना खोकला लागला. अख्खा जानेवारी तो खोकला मला माझ्या खाटेवर ऐकू यायचा, आणि मला त्याचीही किळस यायची. खोकल्याच्या शेवटी जो आवाज व्हायचा त्याची.

पहिली मोटी मॅडम. मी शाळेतून आले तर करीमचाचा गोठ्यामागे खड्डा खणत होते आणि शेजारी खताच्या रिकाम्या गोणीवर काहीतरी होतं. मांजराएवढं तोंड, मिटलेले डोळे, खूर पिवळे आणि मऊ, साबणासारखे. अंगावर केस नव्हते. कातडीवर चकंदळं होती, पावाला बुरशी येते तशी. वास यायच्या आधीच माशा आल्या होत्या. मी तिथेच ओकले, आणि करीमचाचांनी फावडं टाकून माझं कपाळ धरलं. त्यांचा हात त्या गोणीला लागलेला होता. मी तो झटकला. "जाओ बेटी, जाओ," ते म्हणाले, "ये देखने का चीज नहीं." त्यानंतर पंधरा दिवसांत आणखी तीन गायी गाभडल्या, वेळेआधीच वासरं टाकली. जार पडायची नाही. ती दिवसचे दिवस मागे लोंबत राहायची. मजऱ्यावर आता गोड आणि कुजका असे दोन वास एकत्र होते. मम्मीने खजुराच्या पाकाची उरलेली बरणी उघडली तेव्हा मी उठून बाहेर गेले. ती अजून दर नाताळला तोच केक करते. मला ॲसिडिटी आहे असं तिला वाटतं.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. गासडी त्यांनी फोडलीही नाही, नुसती हुंगली आणि म्हणाले, बुरशी, सगळं जाळा. ते गेल्यावर पप्पांनी हात घातला. तबेल्याची माणसं आजोबांच्या गासडीत घालायची तसा, कोपरापर्यंत. हात बाहेर आला तेव्हा त्यावर राखाडी, ओलसर लोकर होती. पप्पांनी तो नाकाला लावला नाही.

अर्बाब दुपारी आले. म्हातारे, हळू बोलणारे. नाताळला आमच्याकडे हलव्याचा डबा पाठवणारे. ते रागावले नाहीत. गोठ्यात उभे राहून त्यांनी मोटी मॅडमच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "पास्कल, हे कसं झालं ते एका कागदावर लिहून दे. इंग्लिशमध्ये. कुरुमच्या ऑफिसात भावाला द्यावं लागेल." एवढंच. मला आजही वाटतं, पप्पांनी तिथल्या तिथे 'माझी चूक झाली' म्हटलं असतं, तर अर्बाब 'खलास' म्हणून पिकअपमध्ये बसले असते. किंवा नसते. पण पप्पा म्हणाले, "स्प्रिंकलर." गंजीजवळून जाणाऱ्या लाइनचा स्प्रिंकलर कुणीतरी बंद करायला विसरला होता. रात्रभर पाणी गेलं. "कोण?" अर्बाबनी विचारलं. करीमचाचा तेव्हा पाणी पाजायला गायी घेऊन गेले होते. पप्पांनी त्या दिशेला नुसती हनुवटी उचलली.

मग ती वही. पप्पा सांगत गेले मराठीत, मी लिहीत गेले इंग्रजीत. माझं इंग्रजी वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. 'निग्लिजन्स' हा शब्द त्याच महिन्यात धड्यात आला होता. मी तो वापरला. 'वारंवार सूचना देऊनही' हे पप्पांनी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनाचं घातलं, कारण वाक्याला त्यानं तोल येत होता. मी कच्चा मसुदा केला, सुधारला, सुवाच्य अक्षरात उतरवला. मम्मी दोनदा दारात येऊन गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "अहो, त्याला खोकला लागलाय ते गवत झाडून झाडून." पप्पा म्हणाले, "तू आत जा." आजवर मी जेवढं वाचलं आहे त्यात त्या कागदाइतकं घाणेरडं काही मी वाचलेलं नाही, आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

खाली ज्याच्यावर ठपका होता त्याची सही हवी होती. पप्पांनी कागद माझ्या हातात दिला. ते स्वतः गेले नाहीत. करीमचाचा गोठ्यातल्या नळावर हात धूत होते. त्यांनी हात लुंगीला तीनदा पुसले, मग कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला.

"मास्टरनी, ये तुम लिखा?"

"हां, चाचा."

"बहुत सुंदर लिखा. छपा हुआ लगता है." मग म्हणाले, "क्या लिखा है?"

"घास खराब हो गया, वो लिखा है. ऑफिस के लिए."

"सच लिखा ना?"

"हां, चाचा."

त्यांनी पेन मुठीत धरलं आणि चाऱ्याच्या गव्हाणीवर कागद ठेवून सही केली. बांगला अक्षरांत, एकेक अक्षर थांबून. बराच वेळ लागला. नाव लांब होतं. मोटी मॅडम त्यांच्या खांद्यावर श्वास टाकत होती. मी त्या अक्षरांकडे पाहत होते, कारण त्यांच्या तोंडाकडे पाहता येत नव्हतं.

शनिवारी कुरुमच्या ऑफिसातून गाडी आली. एका बॅगेत त्यांची अकरा वर्षं मावली. तोवर त्यांना कुणीतरी कागदाचा अर्थ सांगितला असावा, कारण त्यांनी पप्पांशी हात मिळवला नाही. गोठ्यात जाऊन आले. मी केबिनच्या पायरीवर होते, त्याच पायरीवर. ते माझ्यासमोर थांबले. मला वाटलं शिवी देतील, आणि खरं सांगायचं तर मी तिची वाटच पाहत होते. ते म्हणाले, "बार्ली का पट्टा आज बदलना है. तुम्हारा बाप भूल जाएगा." आणि गेले. पप्पा खरंच विसरले. संध्याकाळपर्यंत गायींनी तो पट्टा मातीपर्यंत ओरबाडला होता.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही वसईला परत आलो. पप्पांनी त्या काळात करीमचाचांचं नाव काढलं नाही, आणि मीही नाही. एकाच ताटलीत जेवणाऱ्या दोन माणसांनी ताटलीतल्या केसाबद्दल न बोलावं तसं. गेल्या नोव्हेंबरात पप्पा अंथरुणाला खिळल्यावर मी त्यांची खाट खिडकीशी लावली. मागच्या माळावर कुणी गवत कापत होतं. त्यांनी खुणेने एक मूठ मागितली. मी आणून दिली. हातात जोर नव्हता, तरी त्यांनी काडी पिळली, पेर नखाने दाबलं.

"ओलं आहे," ते म्हणाले. आणि मग, "त्या वर्षीचंही ओलंच होतं."

मी पेजेची वाटी ढवळत राहिले.

"मी दाबून बघितलं होतं, बाय. ट्रॅक्टरवर चढायच्या आधी. पेरातून पाणी आलं होतं."

"मग मला विचारलंत कशाला?"

"तुझं वाचन होतं ना." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. "तू हो म्हणालीस, मग मला सोपं गेलं. कुणीतरी हो म्हणायला हवं होतं."

मला त्यांची दया यायला हवी होती. ते माझ्यासाठी केलं होतं, असंच ते सांगत होते. मला आली ती किळस, जुनी, ओळखीची. त्यांची आली की माझी, हे मला वेगळं करता आलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडातून हवं ते उत्तर काढून घेणाऱ्या माणसाला मी चमच्याने पेज भरवत होते, आणि तो माणूस माझ्या बाटलीवर विश्वास ठेवून फसला असं मानून मी इतकी वर्षं रडत होते. त्यांचं तोंड पुसलं. वाटी धुतली. मुठीतलं गवत त्यांनी सोडलं नव्हतं. ते मी बोटं उलगडून काढून घेतलं आणि खिडकीबाहेर टाकलं. तीन आठवड्यांनी ते गेले. माझा शोक खरा आहे, हे मला सांगायचं होतं. तो स्वच्छ नाही, एवढंच.

मजरा आता नाही. तिथे गोदामं झाली आहेत, असं कुणीसं सांगितलं. करीमचाचा कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही. त्यांचं पूर्ण नावही मला माहीत नाही. त्यांनी ते माझ्यासमोर लिहिलं होतं आणि मला ती लिपी येत नव्हती. मम्मी आत्ता स्वयंपाकघरात आहे. स्प्रिंकलर कुणीही उघडा ठेवला नव्हता, हे माहीत असलेली या घरात मी एकटी उरले आहे.